दादाच्या खोलीची किल्ली

आमच्या टिटवाळ्याच्या घरात आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून आठ भोकं आहेत. खालची चार फाटलेली, कडेचं लाकूड चिरफाळलेलं. वरची चार सरळ, स्वच्छ. दोन कोयंड्यांच्या या खुणा. गेल्या दिवाळीत रंगारी म्हणाला, ताई, लांबी भरून टाकतो, कळणारही नाही. मी नको म्हटलं.

त्या खोलीत माझा दादा राहतो. त्याला ५४ वर्षं झाली, मी ५१ ची. त्याला बौद्धिक अक्षमता आहे आणि स्वमग्नताही. पहिली गोष्ट तो चार वर्षांचा असताना कळली, दुसरी ४१ व्या वर्षी. बोलतो ते दहा-बारा शब्द.

महिन्याभरापूर्वी वाशिंदकडची एक तरुण आई कुणाकडून तरी पत्ता काढून घरी आली. तिचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, दार उघडं दिसलं की पळतो. ती पाणीही न पिता म्हणाली, "ताई, मी त्याला कोंडते. तुम्ही काय केलंत?" मला धड उत्तर देता आलं नाही. तिला सांगायचं राहिलं ते लिहून काढते आहे.

१. बांधायला सुरुवात होते ती जीव तुटतो म्हणून

१९८६ चा पावसाळा संपत आला होता. दादा तेव्हा पंधरा वर्षांचा. आई मोरीत कपडे धूत होती, मी शाळेत. दार उघडं राहिलं. दोन तासांनी रेल्वेचे एक गँगमन दादाचं मनगट धरून दारात उभे राहिले. टिटवाळा आणि आंबिवलीच्या मध्ये दादा रुळांमधून चालला होता, आंबिवलीच्या दिशेने. मागून गाडी येत होती.

बाबा मोहोन्याला एनआरसी कंपनीत कामाला होते. त्या दिवशी त्यांची पहिली पाळी होती. घरी आल्यावर आईने सगळं सांगितलं, बाबा काही बोलले नाहीत. चहा तसाच ठेवून बाजारात गेले आणि नायलॉनची दोरी घेऊन आले. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं दादाच्या पायाला. पायाला काचू नये म्हणून दोरीखाली आईच्या जुन्या सुती लुगड्याची पट्टी त्यांनी दोनदा गुंडाळली. ती पट्टी मला अजून दिसते. माझ्या बाबांना क्रूर म्हणणाऱ्याशी मी आजही भांडेन. आणि तरीही जे झालं ते क्रूरच होतं. या दोन्ही गोष्टी मनात एकत्र ठेवायला मला फार वर्षं लागली.

आधी ती दोरी फक्त आईचा स्वयंपाक होईपर्यंत असे. मग बाबा येईपर्यंत. मग दुपारभर. १९९० च्या सुमाराला दोरी गेली आणि आतल्या खोलीला कोयंडा आला, तेव्हा आम्हाला ती सुधारणा वाटली. आता त्याचा पाय मोकळा झाला ना! शेजारी म्हणत, "ठाण्याला ठेवा, तिथे बघतील." १९०१ पासूनचं ते मनोरुग्णालय आमच्याकडे नुसतं 'ठाणं' म्हणूनच ओळखलं जातं. आम्ही त्याला ठाण्याला टाकलं नाही याचा आईला अभिमान होता. कोंडून ठेवायचं असं कुणी एका दिवशी ठरवलं नव्हतं. दोरी बांधताना ती कधी सोडायची हे ठरवलं नाही, एवढंच झालं. आणि त्यात पंचवीस वर्षं गेली.

२. किल्ली दुसऱ्या गावात असू शकते

२६ जुलै २००५, मंगळवार. आईच्या मोतीबिंदूच्या तपासणीसाठी आई-बाबा सकाळी कल्याणला गेले. दादाजवळ बसायला म्हणून मी डोंबिवलीहून माझ्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन आले होते. आईने निघताना सवयीने दार लावलं आणि सवयीनेच किल्ली कनवटीला खोवली.

हे माझ्या लक्षात आलं दुपारी, त्याचं ताट वाढल्यावर. मी पडवीतून फिरून खिडकीशी गेले आणि गजांमधून त्याला वरण-भाताचे गोळे करून दिले. त्याने ओंजळीत घेऊन खाल्ले. मला त्यात वावगं वाटलं नाही, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. किल्ली नाही, संध्याकाळी येईल, असं म्हणून मी मुलीला झोपवायला गेले.

त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे नंतर सगळ्यांना पाठ झालं. आम्हाला दिसत होतं ते काळू नदीचं पाणी. गाड्या बंद, फोन बंद, वीज गेलेली. अंधार पडता पडता पाणी पडवीत आलं, मग घरात. मुलीला मी माळ्यावर चढवलं आणि दादाच्या दारावर धक्के देत सुटले. दार आत उघडणारं, जुन्या सागाचं. आतून काही आवाज नाही. मी ओरडत होते, "दादा, खाटेवर चढ, दादा!" आतून काही नाही. शेवटी पलीकडच्या आळीतले दोघं काका छातीभर पाण्यातून पहार घेऊन आले आणि त्यांनी कोयंडा उपसून काढला. खालची चार फाटलेली भोकं त्या पहारेची.

दादा खाटेवर उभा होता. पाणी त्याच्या मांडीपर्यंत आलेलं. तो रडत नव्हता, हाकही मारत नव्हता. हाका मारून काही होत नाही हे त्याला पंधरा वर्षांत आम्ही शिकवलं होतं, आणि तो ते नीट शिकला होता.

त्याच्या चारच वर्षं आधी, ६ ऑगस्ट २००१ ला, तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका खासगी मनोरुग्ण गृहाला पहाटे आग लागली होती. माणसं साखळीने बांधलेली होती. २८ जण गेले. ती बातमी मी वर्तमानपत्रात वाचली होती, हळहळलेही होते. आपल्या आतल्या खोलीशी तिचा काही संबंध आहे असं मनात आलं नव्हतं. साखळी वाईट, कुलूप घरचं, असा काहीतरी हिशोब असावा.

या एका रात्रीने आमचं घर बदललं असं मला लिहिता आलं असतं तर फार बरं वाटलं असतं. पाणी ओसरल्यावर पंधरा दिवसांत बाबांनी नवा कोयंडा बसवला, जुन्याच्या वर चार बोटं. फरक इतकाच, की किल्ली आता बाहेर खिळ्याला टांगलेली असायची.

३. बंधनं मोजायला बसलं की बोटं पुरत नाहीत

ऑस्ट्रेलियात अपंग व्यक्तींच्या सेवांसाठी जे नियम आहेत त्यात बंधनांचे पाच प्रकार मानले आहेत: एकट्याला कोंडणं, पट्ट्या-दोऱ्यांसारख्या साधनांनी जखडणं, हातांनी दाबून धरणं, औषधाने गुंगवणं, आणि भोवतालच्या वस्तू कुलपात ठेवणं. ही यादी एका कार्यशाळेत ऐकली तेव्हा मी वहीत पाच ओळी आखल्या आणि पाचही भरल्या. सगळ्यांत लांब झाली ती शेवटची. आमच्या फ्रीजला साखळी होती. त्याच्या चपला माळ्यावर. पाण्याचा माठ त्याच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर, कारण तो पाणी सांडतो. म्हणजे तहान लागली की त्याने वाट बघायची. डोक्याचा दर महिन्याला चकोट, कारण केस विंचरताना तो हलतो. त्याला केस ठेवायला आवडतात हे आम्हाला कळलं तो बेचाळीस वर्षांचा झाल्यावर. आता मागे वाढलेत, पांढरे, आणि तो ते हाताने सारखे करत बसतो.

वहीत सहावी ओळही लिहायला हवी होती: लपवणं.

टिटवाळ्याच्या महागणपतीला लोक लग्न जुळावं म्हणून येतात. शकुंतलेची कथा या गावाशी जोडलेली आहे, दुरावलेली जोडपी इथे पुन्हा एक होतात अशी श्रद्धा आहे. माझं लग्न ठरत होतं १९९७-९८ मध्ये. मला बघायला मंडळी यायची त्या दिवशी दादाच्या सकाळच्या दुधात एक गोळी विरघळवली जायची. पाहुणे विचारायचे, भावंडं किती? आई म्हणायची, एकुलती एक. मी पोह्यांची ताटली घेऊन मान खाली घालून उभी. पाच वेळा हे झालं. सहाव्या वेळी जे आले त्यांना मी स्वतःच सांगितलं, आत माझा भाऊ झोपलाय. त्यांनी विचारलं, "बरं नाही का त्यांना?" दादाला 'त्यांना' म्हणणारा तो पहिला माणूस. त्याच्याशी माझं लग्न झालं.

नातेवाइकांतली एक बाई तेव्हा आईला म्हणाली होती, "मुलगा आहे हे नशीब समज, मुलगी असती तर दर महिन्याचं काय केलं असतंस?" मुलींचं काय केलं जात होतं ते १९९४ च्या फेब्रुवारीत सगळ्या महाराष्ट्राने वाचलं होतं. शिरूरच्या सरकारमान्य वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण दिलं गेलं पाळीच्या दिवसांतल्या स्वच्छतेचं. स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावर ते थांबलं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आता स्पष्ट लिहिलं आहे की अपंग व्यक्तीच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय मूल होण्याची क्षमता जाईल असा कुठलाही उपचार तिच्यावर करता येणार नाही. माझ्या मते ज्या घरात मतिमंद मुलगी आहे तिथे हे वाक्य कागदावर लिहून भिंतीला लावावं.

४. "शांत झालाय" हे ऐकलं की आत जाऊन बघावं

बाबा २००८ मध्ये गेले. २०११ मध्ये आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. दादाला आम्ही एका निवासी संस्थेत ठेवलं. नाव घेत नाही. अकरा महिने तो तिथे होता. फोन केला की सांगायचे, "एकदम शांत झालाय." आम्हाला हायसं वाटायचं.

भेटायला गेले तेव्हा त्याचं वजन पंधरा किलोंनी वाढलं होतं. तोंडातून लाळ गळत होती. माझं नाव त्याच्या दहा-बारा शब्दांतलं एक आहे, ते त्याने घेतलं नाही. मनगटावर पट्टीचा काळा वळ. रात्रपाळीच्या माणसाने, बिचाऱ्याने, खरं सांगितलं: "ताई, रात्री चाळीस जणांना मी एकटा. काय करू?" मी त्याच्यावर रागावू शकले नाही. माझी आई अशीच एकटी होती. आमच्या घरात एकाला एक आणि तिथे चाळीसला एक, पण दोन्हीकडे दोरीची गाठ मारणारा हात थकलेलाच होता.

दादाला घरी आणलं. गोळ्यांची यादी घेऊन दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न मी विसरणार नाही: "ही प्रत्येक गोळी कशासाठी सुरू केली होती?" तीन गोळ्यांचं कारण कुठल्याच कागदावर नव्हतं. त्यांनी सात महिन्यांत एकेक उतरवली. वाशिंदच्या त्या आईला मी हे दोनदा सांगितलं, इथेही सांगते: अशी औषधं आपल्या मनाने एकदम बंद करायची नसतात. पण ती कशासाठी आहेत हे विचारायचं, लिहून घ्यायचं, आणि दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा विचारायचं. काही गोळ्या दादाला लागतात, त्या तो आजही घेतो. त्या त्याच्यासाठी आहेत. बाकीच्या आमच्यासाठी होत्या.

बंद दारामागे काय होऊ शकतं हे आमच्याच कसारा लाईनवरच्या लोकांना वेगळं सांगायला नको. २०१० साली शहापूर तालुक्यातल्या कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या निवासी गृहातला छळ बातम्यांतून बाहेर आला आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. शहापूरचं स्टेशन आसनगाव, आमच्यापासून तिसरं. रोज गाड्या जात होत्या.

संस्था सगळ्या वाईट असं मी म्हणत नाही. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं 'घरकुल' आहे, बदलापूरला 'आधार' आहे. दोन्ही पालकांनीच उभ्या केल्या. मी संस्था बघायला जाते तेव्हा एक गोष्ट बघते: न कळवता गेलं तर आत घेतात का.

५. कायदा वाचावा, आणि आपला कोणता ते ओळखावं

इथे मी घोळ घातला होता. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू. त्याच्या ९५ व्या कलमात मानसिक आजार असलेल्या माणसाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला साफ बंदी आहे. ९७ वं कलम एकट्याला कोंडायला मनाई करतं, आणि शरीराने अडवून धरायचं तर फक्त समोरचा तातडीचा धोका टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, लागेल तेवढाच वेळ, नोंद करून. शिक्षा म्हणून नाही. कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. हे वाक्य वाचताना मला तो रात्रपाळीचा माणूस आठवला. २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बदायूंच्या एका श्रद्धास्थानात माणसं साखळदंडात असल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हाही न्यायालयाने सांगितलं की हे जगण्याच्या हक्काविरुद्ध आहे.

हा कायदा घेऊन मी वकिलांकडे गेले तर त्या म्हणाल्या, तुमच्या दादाला हा थेट लागू होत नाही. या कायद्याच्या व्याख्येत बौद्धिक अक्षमता मानसिक आजारात धरलेली नाही. त्याच्यासाठी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्याच्या सहाव्या कलमात क्रूर आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षण आहे. सातव्या कलमाप्रमाणे छळ होतोय असं वाटलं तर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतं. तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारी असतात, म्हणजे आमच्यासाठी कल्याणचं तहसील कार्यालय. ताब्यातल्या अपंग माणसाला जाणूनबुजून अन्न-पाणी नाकारणं हा ९२ व्या कलमाखाली गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं कैद. आमच्या फळीवरच्या माठाचा विचार करा.

आई २०१९ मध्ये गेल्यावर राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या ठाण्याच्या स्थानिक समितीकडून मी दादाची कायदेशीर पालक झाले. त्या कागदावर मी सही करते, बँकेत जाते. दाराला बाहेरून कडी घालायचा अधिकार त्या कागदाने मला दिलेला नाही.

६. तो पळत नव्हता

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि आम्हाला सगळ्यात उशिरा कळलं.

२०१२ मध्ये मी, हे आणि मुलगी टिटवाळ्याला राहायला आलो. त्याच वर्षी स्वमग्नतेचं निदान झालं. एका विशेष शिक्षिकेने आम्हाला एक शंभर पानी वही घ्यायला सांगितली. प्रत्येक पानावर तीन रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर आपण काय केलं. आणि वेळ. "महिनाभर काहीही बदलू नका, फक्त लिहा," असं म्हणाल्या. मला ती वही पोरकट वाटली, पण लिहीत गेले.

पहिल्या आठवड्यात एक गोष्ट सापडली. तो कपाळ आपटायचा ते जेवणानंतर, आणि नेहमी उजवी बाजू. शिक्षिका म्हणाल्या, दात दाखवा. उजवीकडच्या दोन दाढा किडून मुळापर्यंत गेल्या होत्या. किती वर्षं, देव जाणे. त्या काढल्यावर कपाळ आपटणं जवळजवळ थांबलं. त्या दुखण्यावर आम्ही वर्षानुवर्षं झोपेची गोळी देत होतो.

दुसरी गोष्ट रोज दिसायची. दुपारी अडीच-पावणेतीनपासून तो येरझारा घालायचा, तीनच्या आसपास दाराला धडका द्यायचा. चार वाजून गेले की गप्प. रविवारी नाही. आवाज, भूक, ऊन, सगळं लावून बघितलं. एका रात्री मी वही मोठ्याने वाचत होते, आई खाटेवर पडून ऐकत होती. "तीन वाजता दाराला धडक. तीन वाजून पाच मिनिटं, धडक." आई म्हणाली, "तीनला ह्यांची पहिली पाळी सुटायची."

पुढे कुणी बराच वेळ बोललं नाही. मग आईलाच आठवलं. १९८५ च्या खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असते म्हणून बाबा दादाला बरोबर घेऊन गेले होते. टिटवाळ्याहून गाडी, आंबिवलीला उतरायचं, मग चालत कंपनीच्या फाटकापर्यंत. परत येताना दादा दारात उभा राहून रूळ बघत होता.

तो पळाला नव्हता. बाबांना आणायला निघाला होता. गाडी कशी पकडायची ते माहीत नव्हतं, रूळ कुठे जातात ते माहीत होतं. पाळी सुटायच्या वेळी तो निघाला, आंबिवलीच्या दिशेने. त्या दिवशी संध्याकाळी बाबांनी त्याला बांधला, आणि पुढे पंचवीस-सव्वीस वर्षं रोज तीन वाजता तो त्यांना आणायला जाण्यासाठी दारावर धडका देत राहिला. बाबा निवृत्त होऊन घरात बसले होते तेव्हाही. बाबा गेल्यावरही.

बाबांना हे कधी कळलं नाही. कळायला हवं होतं की नको, मी अजून ठरवू शकलेले नाही.

७. दोरी सुटते ती हातांनी, आणि हात लागतात बरेच

वाशिंदच्या त्या आईला मी "कोंडू नकोस" एवढंच म्हणून पाठवलं असतं तर ती माझ्यावर थुंकली असती आणि तिचं बरोबर असतं. रेल्वे रूळ खरे आहेत. नदी खरी आहे. दोन खोल्यांच्या घरात एकटी बाई स्वयंपाकही करणार आणि दारही राखणार, हे होत नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. बाहेरच्या दाराला घुंगरांची माळ बांधली, दार हललं की कळतं. रिक्षा स्टँडवर, स्टेशनबाहेरच्या हार-दुर्वा विकणाऱ्या मावशींकडे आणि रेल्वे पोलिसांकडे दादाचा फोटो आणि आमचे नंबर दिले. सांगताना लाज वाटली, पहिल्या दिवशीच. दादाच्या हातात स्टीलचं कडं आहे, त्यावर फोन नंबर कोरलाय. घरात चित्रांची कार्डं आहेत: जेवण, आंघोळ, दुखतंय, स्टेशन. 'दुखतंय'चं कार्ड शिकायला त्याला आठ महिने लागले. ते त्याने पहिल्यांदा स्वतः उचलून माझ्या हातात दिलं तेव्हा त्याचा कान दुखत होता आणि मी रडत होते.

आणि रोज अडीच वाजता कुणीतरी त्याला स्टेशनवर नेतं. प्लॅटफॉर्मवरच्या एका बाकावर तो बसतो. कल्याणकडून लोकल येते, माणसं उतरतात, तो सगळ्यांचे चेहरे बघतो. गाडी गेली की उठतो आणि घरी चालायला लागतो. कधी हे जातात, कधी मुलगी, आठवड्यातले चार दिवस वाडीवरचा एक तरुण येतो, त्याला आम्ही पैसे देतो. संकष्टीला गर्दी सोसत नाही म्हणून त्या दिवशी वेळ बदलतो. अंगारकीला जातच नाही, कार्ड दाखवून आदल्या दिवशीपासून सांगतो.

पैसा लागतो, आणि तो सगळ्यांकडे नसतो. निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा आहे. तहसील कार्यालयातून संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मिळू शकतं, उत्पन्नाची अट आहे. मला हे अपुरं वाटतं. महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. त्या विभागाने दर तालुक्याला एक जागा द्यावी, जिथे अशा आईला आठवड्यातून दोन दुपारी आपलं मूल विश्वासाने सोडता येईल. दोन दुपारी मिळाल्या असत्या तर माझ्या आईने कोयंडा बसवला नसता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

८. मीही पुन्हा कडी घातली

एप्रिल २०२०. टाळेबंदी, गाड्या बंद, स्टेशन बंद. तीन वाजता तो दार तोडायला निघाला. मी थकलेली. त्याला आत ढकललं आणि बाहेरून दाराला ओढणी बांधली. वीस मिनिटं. वहीत लिहून ठेवलंय, माझ्या नावासकट. दुसऱ्या दिवसापासून मुलीने फोनवर लोकल येतानाचा व्हिडिओ त्याला दाखवायला सुरुवात केली. पूर्ण समाधान झालं नाही त्याचं, पण बसायचा.

कधी कधी त्याला हाताने अडवावं लागतं. एकदा तो उकळत्या चहाच्या पातेल्यात हात घालायला गेला, ह्यांनी मागून कवेत धरला. धोका गेला की सोडायचं, त्याला सांगायचं का धरलं होतं, आणि वहीत लिहायचं. वहीचं ओझं वाटतं खरं, पण दोरी वाढत जाते ती न लिहिल्यामुळे.

९. कडी आतून

वरचा कोयंडा २०१३ च्या गुढीपाडव्याला काढला. स्क्रू हे काढत होते, दादा शेजारी उभा राहून बघत होता. कोयंडा हातात आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "दादा, आमचं चुकलं." त्याला किती कळलं माहीत नाही. त्याने कोयंडा घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि मोरीच्या कट्ट्यावर ठेवून दिला.

शिक्षिकेच्या सांगण्यावरून त्याच दिवशी दाराला आतून एक छोटी पितळी कडी बसवली, बाहेरूनही नाण्याने फिरवता येईल अशी. वर्षभर त्याने तिला हात लावला नाही. मग एका दुपारी मी चहा घेऊन गेले तर दार लागलेलं. छातीत धस्स झालं. ठोठावलं. आत खाट करकरली. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली.

नाणं माझ्या पदराला बांधलेलंच होतं. मी ते सोडलं नाही. कपबशी हातात धरून दाराबाहेर उभी राहिले. चहावर साय धरली. मग आतून कडी सरकल्याचा आवाज आला.